जपान, सायकल आणि शेवटचे पाच दिवस



शिमानामीच्या पुलांवरचा लेख वाचून तुमच्यापैकी चौघी-पाचजणींनी फोन केले. "पुढचं काय झालं? कोबेला पोचलीस ना धड?" पोचले, म्हणून तर लिहितेय! पण शेवटच्या पाच दिवसांचं लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली हे खरं. त्यात मायलेकाचं भांडण आहे, आणि घरातलं भांडण असं चारचौघांत मांडावं की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही, पण माझी बाजूपण लिही." तेव्हा दोन्ही बाजू लिहिते.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलगा नोकरीनिमित्त कोबेत असतो. दिवाळी झाल्यावर मी त्याच्याकडे गेले. हे जाऊन दोन वर्षं झाली, इचलकरंजीचं घर मोठं, त्यात मी एकटी. मुलाचं म्हणणं होतं, "आई, घर विकू आणि तू आता इथंच राहा." मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि विचार करायला मी सायकल मागितली. लग्नाआधी मिरजेहून सांगलीला बी.कॉम.च्या कॉलेजला सायकलनंच जायची मी. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. दुकानाच्या रोजमेळाची, खातेवहीची जबाबदारी माझी होती, पण दुकानात जायचं ते यांच्या स्कूटरवर मागं बसून.

सायकल सूनबाईची. तिला तिकडं 'मामाचारी' म्हणतात. मामाची नव्हे हो! तिकडं 'मामा' म्हणजे आई. आयांची सायकल ती मामाचारी. पुढं मोठी बास्केट, मागं नातवाची सीट. त्या सीटवर मी माझी बॅग बसवली आणि नातवाच्याच पट्ट्यानं बांधली. सायकलीला बॅटरी आहे, पण ती स्कूटर नाही. पायडल मारलं तरच मोटर हात लावते, आणि ताशी चोवीस किलोमीटरच्या वर गेलं की तीही मदत थांबते, तसा तिथला नियमच आहे. आपण पाय थांबवले की तीही गप्प. मला हे फार आवडलं.

मुलानं ओसाकाच्या बंदरावर रात्रीच्या बोटीत बसवून दिलं, आणि तिथून शिकोकू बेट, शिमानामीचे पूल, ओनोमिची, कुराशिकी असं करत मी रोज तीस-पस्तीस किलोमीटरनं ओकायामाला आले. आता पुढचं.

ओकायामाहून पहिला मुक्काम इम्बे. हे बिझेन भांड्यांचं गाव. विटांची धुरांडी घरांच्या मधूनच वर आलेली. ही भांडी बिनचकाकीची, मातीच्या रंगाची. लाल पाइनची लाकडं घालून भट्टी दहा-बारा दिवससुद्धा पेटती ठेवतात, आणि भांड्यावर जे डाग, पट्टे, राखेचे शिंतोडे दिसतात ते कुणी रंगवलेले नसतात, आगीत जिथं जे भांडं ठेवलं असेल तसं ते होतं. एका दुकानात मी पाणी प्यायचा छोटा पेला घेतला. घासाघीस करायची सवय, पण भाषा येत नसल्यामुळं वाचली, दुकानदाराचीही आणि माझीही!

दुसरा मुक्काम आको. आपल्याकडं शिवकाळातली गोष्ट मुलांना सांगतात, तशी तिकडं आकोच्या सत्तेचाळीस सामुराईंची गोष्ट सांगतात. धन्यासाठी त्यांनी जीव दिला, १७०३ साली. मला मात्र आकोचं कौतुक मिठाचं. शेकडो वर्षं समुद्राच्या पाण्यापासून इथं मीठ काढतात. एक छोटी पिशवी घेतली. त्या दिवशी संध्याकाळचा भात त्याच मिठाचा.

जेवणाचं तुम्ही सगळ्याच विचारता, तर इथंच सांगून टाकते. तिकडं भाजीतसुद्धा 'दाशी' असते, म्हणजे बहुतेक वेळा माशाचं पाणी. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. सुपात, सोबाच्या रश्शात, कधी कधी आंबट फळाच्या भातगोळ्यातसुद्धा 'कात्सुओ' नावाचा मासा लपलेला असतो. म्हणून मी बाहेरचं शिजवलेलं खायचंच नाही असं ठरवलं होतं. सामानात छोटा इलेक्ट्रिक कुकर, मूगडाळ, मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि इचलकरंजीहून नेलेल्या कडक भाकरी. कडक भाकरीला सायकलच्या बास्केटमध्ये काही होत नाही, चुरा झाला तर दुधात घालून खायचा. तांदूळ तिथलाच, चिकट असतो पण मूगडाळीबरोबर खिचडी छान होते. केळी, संत्री आणि टोफू कुठंही मिळतं. तांदूळ, डाळ आणि मीठ असलं की घर कुठंही मांडता येतं, हे मी या प्रवासात शिकले.

अडचण जेवणाची नव्हती, सूर्याची होती. नोव्हेंबरात तिकडं पाच वाजता सूर्य मावळतो. आपल्याकडं सहा-साडेसहाच्या हिशोबानं अंगवळणी पडलेलं. रात्री अन्न घ्यायचं नाही, पाणी चालतं, हा माझा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. त्यामुळं रोज साडेतीनपर्यंत मुक्कामी पोचायचं, चारला कुकर लावायचा, पावणेपाचला ताट धुऊन मोकळं. अकरा दिवसांत फक्त एकदाच हे चुकलं.

तो तिसरा दिवस. आकोहून हिमेजी गाठायचं होतं, पस्तीस-एक किलोमीटर. सकाळी एक छोटा घाट चढले, मोटरच्या मदतीनं का होईना पण न उतरता. त्याच खुशीत ठिकठिकाणी थांबत गेले. अकरा वाजता भाकरी-चटणी खाल्ली. तात्सुनो नावाच्या गावाजवळ, जिथली फिक्या रंगाची सोयाची चटणी प्रसिद्ध आहे, तिथं तीन वाजता मागचं चाक बसलं. मोटरची सायकल किती जड असते, हे ती ढकलायची वेळ आली तेव्हा कळलं. पाऊण तास ढकलत होते. रस्ता चुकून एका वस्तीत शिरले.

तिथं एका घराच्या वळचणीला दोऱ्यांवर केशरी फळांच्या माळा लटकत होत्या, आपल्याकडं दिवाळीत तोरणं लावतात तशा. खाली स्टुलावर बसून एक आजी फळं सोलत होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्या फळाचं नाव काय, तर 'काकी'! आपल्या टेंभुर्णीच्या नात्यातलं. तुरट काकी सोलून, दोरीला बांधून वाळवतात, मग ती गोड होते. मला हसूच आलं. मामाचारी ढकलत आले आणि काकीपाशी थांबले!

मी चाकाकडं बोट दाखवून "पंक्चर" म्हटलं. त्या म्हणाल्या, "आ, पांकु!" तिकडं पंक्चरला पांकु म्हणतात, म्हणजे शब्दसुद्धा अर्धा ओळखीचा. आजींनी आत हाक मारली. आजोबा आले, चाक पाहिलं, काही न बोलता बादलीत पाणी आणलं, ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवली. बुडबुडे आले. मैत्रिणींनो, मला एकदम मिरजेचं सायकल दुकान आठवलं. अगदी तस्सं! तेच मळकं पाणी, तेच बुडबुडे, तोच घासायचा कागद, तेच सोल्युशन वाळेपर्यंत थांबणं. चाळीस वर्षं आणि एवढे समुद्र ओलांडले तरी पंक्चर काढायची पद्धत तीच.

काम झालं तेव्हा पाच वाजून गेले होते. डोंगरामागं सूर्य गेला होता. आजींनी आतून ट्रे आणला, त्यावर चहा, संत्री आणि सोललेली गोड काकी, छान फोडी करून. मला अकरा वाजल्यापासून पोटात काही नव्हतं. पाय थरथरत होते. एवढ्या मायेनं आणलेलं.

मी हात जोडले. नको, हे तर मानेनं सांगता येतं, पण का नको, हे कसं सांगायचं? त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं असणार, परकी बाई, आपल्या हातचं खात नाही. मी मोबाईलवर भाषांतर करायला गेले तर बोटं गारठलेली, शब्द सापडेनात. मग मी डोंगराकडं बोट दाखवलं, सूर्य गेला असं हातानं केलं, तोंडावर हात ठेवला. मग दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडं बोट केलं, सूर्य वर आला असं दाखवलं आणि खायची खूण केली.

आजी माझ्याकडं बघत राहिल्या. मग "आसा?" म्हणाल्या. आसा म्हणजे सकाळ. मी जोरजोरात मान हलवली. "आसा, आसा!" त्या आत गेल्या, चहा नेला आणि त्याच कपात नुसतं गरम पाणी घेऊन आल्या. "ओयु," म्हणाल्या. मी दोन कप प्यायले. मग त्यांनी चार काकी वर्तमानपत्रात गुंडाळून बास्केटमध्ये ठेवल्या, आणि पुन्हा पूर्वेकडं बोट दाखवलं.

आपल्या नेमाचं आपण आपल्याच माणसांना किती वेळा समजावतो, लग्नकार्यात किती जणी "एक दिवस चालतं गं" म्हणतात. या बाईंनी एका खुणेत ओळखलं. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. मी बॅगेतून उरलेल्या दोन कडक भाकरी काढून दिल्या. त्यांना त्या कशाबरोबर खायच्या हे कळलं असेल का, देव जाणे!

हिमेजी अजून पंधरा किलोमीटर, अंधार, आणि बॅटरीची एकच रेघ उरलेली. आजोबांनीच फोन करून स्टेशनजवळच्या एका छोट्या खानावळवजा मुक्कामाच्या घरात खोली मिळवून दिली. हिमेजीच्या खोलीचे पैसे बुडाले. वहीत 'तोटा' म्हणून लिहिले.

आणि मग मुलाचा फोन आला.

नकाशावर माझा ठिपका भलत्याच जागी दोन तास थांबलेला त्याला दिसला होता. सात वेळा फोन करून झाले होते, माझा मोबाईल आवाज बंद करून बास्केटमध्ये. तो घाबरलेला होता, आणि घाबरला की हा ओरडतो, वडिलांसारखाच. "पुरे झालं आता. तिथंच थांब, मी उद्या येऊन घेऊन जातो. सायकल मागाहून आणू." मी म्हटलं, दोनच दिवस राहिलेत, येते मी. तेव्हा तो म्हणाला, "बाबा असते तर तुला हे करू दिलं असतं का?"

यावर मी काही बोलले नाही. फोन ठेवला.

कारण त्याचं खरं होतं. यांनी नसतंच करू दिलं. प्रेमानंच, पण नसतं करू दिलं. आणि मीही मागितलं नसतं. माझं दुःख खरं आहे आणि ही सायकलही खरी आहे, आणि पहिलं घडलं नसतं तर दुसरं घडलं नसतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. रात्रभर पोटात भूक आणि डोक्यात हे. खातेवहीत जमा-नावे दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत असं आम्हाला शिकवलं होतं. या खात्याच्या बाजू जुळत नाहीत. जुळवायला बसले तर यांच्यावर अन्याय होतो, नाहीतर माझ्यावर.

सकाळी साडेसहाला उठून खिडकीत बसले. सूर्य वर आला, णमोकार म्हटला आणि आजींची काकी चिरली. इतकं गोड फळ मी कधी खाल्लं नाही. भुकेमुळं असेल.

मुलाची बाजू लिहायची कबूल केलंय, तर ती अशी: तो दोन तास आपली आई मेली की जिवंत हे न कळता बसला होता, सहा वर्षांचा मुलगा बाजूला "आजी कुठाय" विचारत होता, आणि सायकल त्यानंच मला दिली होती. काही झालं असतं तर आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं त्यानं. मी फोनचा आवाज चालू ठेवायला हवा होता. ती चूक माझी.

चौथ्या दिवशी हिमेजीचा किल्ला पाहिला, बाहेरूनच. पांढराशुभ्र, बगळ्यासारखा, तिकडं त्याला बगळ्याचाच किल्ला म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात शहर बॉम्बनं जळलं पण किल्ला वाचला. तासभर बागेत बसले आणि पुढं काकोगावापर्यंत गेले. त्या दिवशी चार वाजता खिचडी! मुलाला फोटो पाठवला, ताटाचा. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

पाचवा, शेवटचा दिवस. आकाशी शहरातून जाताना एक उंच घड्याळाचा मनोरा लागतो, तारांगणाचा. १३५ अंश पूर्व रेखांश तिथून जातो, त्यावर सगळ्या जपानची वेळ ठरते. माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. आपली वेळ साडेब्याऐंशी अंशावर. फरक साडेबावन्न अंश. अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोनशे दहा मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. बरोब्बर! रस्त्याच्या कडेला उभं राहून बोटांवर हिशोब केला आणि एकटीच हसले. इथं साडेदहा वाजलेले, इचलकरंजीत सात. शेजारच्या वहिनींनी माझ्या तुळशीला आत्ता पाणी घातलं असेल. ते चित्र डोळ्यांपुढं इतकं स्पष्ट आलं की मला माझं उत्तर कळलं. विचार करून नव्हे, आठवण येऊन.

थोडं पुढं माइको. तिथं आकाशी समुद्रधुनीवरचा पूल डोक्यावरून जातो. १९९८ साली खुला झाला. त्यावर सायकलला परवानगी नाही, खालूनच पाहायचा. त्याची एक गोष्ट मुलानं सांगितली होती. पूल बांधत असताना जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा मोठा भूकंप झाला. मनोरे उभे राहिले होते, पण जमीन सरकली आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर जवळजवळ एक मीटरनं वाढलं. त्यांनी मनोरे पाडले नाहीत. नव्या अंतराचा हिशोब केला आणि पूल पुरा केला. खाली बाकावर बसून मी बराच वेळ वर बघत राहिले. केळं खाल्लं आणि निघाले.

कोबेत शिरल्यावर घरी जायच्या आधी कितानोला गेले. तिथं आपलं मंदिर आहे, भगवान महावीरांचं, १९८५ साली बांधलेलं. मोत्यांच्या व्यापारासाठी तिकडं गेलेल्या आपल्या लोकांची वस्ती जुनी. मंदिर श्वेतांबर पद्धतीचं, आपल्या बस्तीपेक्षा वेगळं, पण त्या चढावरून पांढरा संगमरवर दिसला आणि डोळे भरून आले. शेवटचा चढ बराच उभा आहे. सायकल बाहेर लावली, दर्शन घेतलं. काही मागितलं नाही. नीट पोचले एवढंच सांगितलं.

घराखाली मुलगा उभा होता. ठिपका बघून खाली आला असणार. नातू धावत येऊन त्याच्या सीटवरची बॅग ओढायला लागला. मी हेल्मेट काढलं आणि तिथंच सांगून टाकलं, कारण वर गेले असते तर चहापाण्यात राहून गेलं असतं.

"घर विकायचं नाही. वरचा मजला भाड्यानं देते, म्हणजे रात्री घरात माणूस असेल. दरवर्षी दिवाळीनंतर तीन महिने तुमच्याकडं येईन. मला तुझी मदत हवीय, नको असं नाही. पण ती या सायकलसारखी हवी. पायडल मी मारणार."

तो काही बोलला नाही. त्यानं खाली वाकून मागचं चाक दाबून पाहिलं.

"हवा कमी आहे," म्हणाला, आणि पंप आणायला वर गेला.

खर्चाची वही मी इचलकरंजीला आणलीय. अकरा दिवस, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एक पंक्चर, एक उपास. शेवटच्या पानावर एकच नोंद राहिलीय, तात्सुनोच्या आजींची, चार काकी. त्यांच्या नावे किती लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या वर्षी जाऊन येईन.

जय जिनेंद्र.